जुन्या भिंतींचे अमूर्त कृष्णधवल फोटो: आधी काय, नंतर काय

पडक्या वाड्यात जायचं, पोपडे आलेल्या भिंतीचे दोनशे रंगीत फोटो काढायचे, घरी आल्यावर त्यातले जे जमले नाहीत ते कृष्णधवल करायचे, कॉन्ट्रास्ट ताणायचा आणि खाली 'अमूर्त' असं लिहून टाकायचं. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक फोटोंची जन्मकथा हीच असते. फोटो वाईट नसतात, पण ते जुन्या भिंतीचेच फोटो राहतात. रंग काढून घेतल्यानं भिंत अमूर्त होत नाही, नुसती करडी होते.

घोळ होतो तो क्रमात. कृष्णधवल करायचं हे सगळ्यात आधी ठरायला हवं, ते सगळ्यात शेवटी ठरतं. फोटो कधी काढायचा हे भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावरून ठरायला हवं, ते आपल्या रविवारच्या सुट्टीवरून ठरतं. चौकट भिंतीसमोर उभं राहून शोधायची, ती घरी क्रॉप करताना शोधली जाते. एकदा क्रम चुकला की पुढची मेहनत फार कामी येत नाही.

खाली दिलेल्या पायऱ्या मी आपल्याकडच्या बांधकामाला धरून लिहिल्या आहेत: जांभ्याचे चिरे, काळा दगड, चुन्याचा गिलावा, वीट, सागवान आणि पन्हाळी पत्रा. फोनवर काम करणाऱ्यांनी जिथे वेगळं करायचं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

## पायरी १: घरातून निघण्यापूर्वी

कॅमेऱ्यात दोन गोष्टी लावून ठेवा. फाइल रॉ (म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल) घ्या, आणि पिक्चर स्टाइल, म्हणजे चित्राची रंगशैली, मोनोक्रोम (कृष्णधवल) ठेवा. म्हणजे मागच्या पडद्यावर करडं चित्र दिसतं, पण रॉ फाइलमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत राहते. पायरी ७ मधलं सगळं काम त्या माहितीवरच चालतं. एकदा कार्ड भरत आलं म्हणून मी मधेच नुसत्या जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या फाइलवर, आलो, मोनोक्रोम तसंच चालू राहिलं, आणि जांभ्याच्या एका सुंदर गडग्याची अख्खी सकाळ वाया गेली. त्या फाइलींत लाल कुठला आणि हिरवा कुठला हे आता कुणीच सांगू शकत नाही.

फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर फोटो रंगीतच काढा आणि कृष्णधवल नंतर करा. फोनचं तयार 'मोनो' फिल्टर लावून काढलेल्या फोटोत रंग परत आणता येतीलच असं नाही.

लेन्सच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: १८ मिलिमीटर या कामाचा शत्रू आहे. रुंद लेन्स भिंतीबरोबर जमीन, आभाळ, कोपरा, सगळंच दाखवते. ५० ते १०० मिलिमीटरच्या टापूत राहा. किट लेन्स असेल तर ती ५५ वर नेऊन तिथेच ठेवा आणि झूम आहे हे विसरा. वरच्या मजल्याच्या गिलाव्यासाठी लांब झूम उपयोगी पडते. फोनवर मुख्य किंवा दुप्पट लेन्स घ्या, अतिरुंद लेन्स नको.

आणखी एक वस्तू घरीच बनवा. काळ्या कार्डपेपरात ६ बाय ४ सेंटिमीटरची खिडकी कापा. खर्च शून्य, आणि माझ्या पिशवीतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन हेच. त्याचा उपयोग पायरी ४ मध्ये येईल. सोबत एक छोटा सपाट आरसा, टॉर्च आणि पाय झाकणारे बूट घ्या. पडक्या खोलीत विंचू, साप किंवा गांधीलमाशांचं पोळं असणं ही काही विशेष गोष्ट नाही. लाकडी तक्तपोशीवर पाय ठेवण्याआधी खालून तुळया कशा आहेत ते बघा.

सावध: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या संरक्षित स्मारकांत, उदाहरणार्थ वसईच्या किल्ल्यात, ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते. त्यामुळे तिथे हातात कॅमेरा धरूनच काम करायचं असं गृहीत धरून निघा. खाजगी वाड्याचा मामला आणखी नाजूक असतो. भाऊबंदकीत अडकलेल्या घरासमोर कॅमेरा घेऊन उभं राहिलं की 'बिल्डरचा माणूस आलाय' अशी कुजबुज सुरू होते. आधी दारात जा, चपला काढा, आणि सरळ सांगा: "आजोबा, घराचे फोटो नकोत, फक्त या भिंतीवरच्या पोपड्यांचे हवेत. काढू का?" आजोबा बहुधा हसतात, आणि मग मागच्या बाजूची याहून पडकी भिंत दाखवायला स्वतः उठतात.

## पायरी २: कॅमेरा पिशवीत ठेवून भिंत वाचा

पहिली वीस मिनिटं कॅमेरा बाहेर काढायचा नाही. लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

आधी एक प्रश्न सोडवा: या भिंतीवर तुम्हाला खेचून घेतंय ते काय आहे, पोत की डाग? पोत म्हणजे उंचसखलपणा: सुटलेले पोपडे, जांभ्याची भोकं, लाकडाच्या रेषा, छिन्नीचे घाव. डाग म्हणजे सपाट पृष्ठभागावरचा फरक: पावसाच्या पाण्याचे ओघळ, ओल, लोणा (मिठाचे फिकट डाग), शेवाळ, धुराची काजळी, रंगाचे जुने थर. दोन्हींना लागणारा उजेड एकमेकांच्या उलट असतो, म्हणून हे आत्ताच ठरवायचं.

मग डोळे अर्धवट मिटून भिंतीकडे बघा. बारीक तपशील पुसले जातात आणि फिकट-गडद भाग तेवढे उरतात. असे किती मोठे भाग दिसतात ते मोजा. दोन-तीन दिसले तर थांबा, इथे काहीतरी आहे. वीस दिसले किंवा एकही दिसला नाही तर पुढे चला. भिंत कितीही जुनी असली तरी तिचं जुनेपण फोटोत उतरत नाही, हे भागच उतरतात.

आता प्रत्येक साहित्य करड्यात कसं वागतं ते.

जांभा. ताजा चिरा लालसर, जुना काळपट, त्यावर पावसाळ्यात हिरवं शेवाळ. डोळ्याला लाल आणि हिरवा यांचा फरक फार मोठा वाटतो, पण नुसतं कृष्णधवल केलं की दोन्ही जवळपास एकाच करड्यात विरघळतात. हा फरक नंतर रंगांच्या स्लायडरनी परत आणता येतो, पण तो तिथे आहे हे आत्ता टिपून ठेवा. जांभ्याची दुसरी अडचण भोकांची. ती सगळीकडे सारखी पसरलेली असतात, त्यामुळे चित्राला आधार मिळत नाही. एखादा ओघळ, चिऱ्याचा सांधा किंवा चुन्याचा उरलेला पट्टा शोधा. त्याच्या भोवती भोकं चालतील.

चुन्याचा गिलावा. माझ्या मते सगळ्यात उदार साहित्य. पांढरा थर, त्याखालचा करडा थर, त्याखाली वीट किंवा दगड, अशा तयार पायऱ्या मिळतात. पण घरांच्या आतल्या भिंतींत एक सापळा असतो, तो म्हणजे निळा रंग. निळ्या रंगाचा पोपडा सुटून आतली लाल वीट उघडी पडली की रंगीत दृश्य असं काही देखणं दिसतं की प्रत्येक जण तिथे थांबतो. कृष्णधवल केलं की निळा आणि लाल दोन्ही एकाच मध्यम करड्याचे होतात आणि चित्र मरून जातं. ते वाचवायला दोन वाटा आहेत: निळा खाली उतरवून वीट उजळ करायची, किंवा वीट काळी करून निळा भाग जवळपास पांढरा करायचा. एकाच भिंतीचे दोन संपूर्ण उलटे फोटो निघतात. पहिल्यात उजळ जखम दिसते, दुसऱ्यात काळं बेट. कुठला हवा ते भिंतीसमोर ठरवा, कारण त्यावरून चौकट बदलते. उजळ आकार चौकटीच्या कडेला गेला तर नजर बाहेर ओढून नेतो, काळ्या आकाराचं तसं फारसं होत नाही.

काळा दगड. कोरडा असताना तो काळा नसतो, मध्यम करडा असतो. ओला झाला की खरा काळा. सांध्यांतला चुना मात्र ओला होऊनही उजळ राहतो. म्हणून घडीव काळ्या दगडाला पाऊस थांबल्यावरच्या अर्ध्या तासात गाठा. उंचवटे आधी सुकायला लागतात, खोलगट भाग ओले राहतात, आणि भिंत स्वतःच एक नकाशा काढून दाखवते.

सागवान आणि पत्रा. उन्हापावसानं करडं पडलेलं सागवान रेषांनी भरलेलं असतं, त्यामुळे सोपं वाटतं आणि कंटाळवाणं होतं. रेषा जिथे गाठीभोवती वळते तिथेच बघा. पन्हाळी पत्र्याच्या सरळ पट्ट्यांना गंजाचा आडवा डाग मोडतो तेवढीच जागा कामाची.

तपासा: पुढे जाण्याआधी मनात एक वाक्य तयार हवं, आणि त्यात वस्तूचं नाव नको. 'वाड्याचा जुना दरवाजा' हे वाक्य चालणार नाही. 'वरून खाली येणारे तीन काळे ओघळ आणि त्यांना अडवणारी एक उजळ आडवी पट्टी' हे चालेल. वाक्य जमलं नाही तर फोटोही जमणार नाही.

## पायरी ३: उजेडाची वेळ ठरवा

'सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन' हा सल्ला माणसांच्या आणि डोंगरांच्या फोटोंसाठी ठीक आहे. भिंतींच्या बाबतीत तो निम्म्या वेळा चुकतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सकाळी सातचं ऊन समोरून, थेट तोंडावर पडतं. प्रत्येक पोपड्याची सावली त्या पोपड्याच्याच मागे लपते आणि भिंत इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते.

पोत हवा असेल तर ऊन भिंतीला घासत जायला हवं, म्हणजे भिंतीशी साधारण ५ ते २० अंशांचा कोन. ते कधी मिळतं हे भिंतीच्या दिशेवरून काढता येतं.

पूर्वेच्या भिंतीला ते मिळतं सूर्य माथ्यावर येण्याआधीच्या तासाभरात, पश्चिमेच्या भिंतीला त्यानंतरच्या तासाभरात. आणि हे वर्षभर. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे मध्यान्हीच्या अर्धा तास आधी पूर्वेच्या भिंतीशी ऊन सुमारे ७ अंशांवर असतं. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात शून्य सावलीचे दिवस येतात तेव्हा हे ऊन जवळजवळ उभं खाली घसरतं आणि पोपड्यांच्या सावल्या सरळ खाली लोंबतात. डिसेंबरात तेच ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, सावल्याही तिरप्या पडतात. भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये असं शिकलेल्यांना हे पटवणं कठीण जातं, पण मे महिन्यातली साडेबाराच्या आगेमागची वेळ ही उभ्या भिंतींची सगळ्यात चांगली वेळ आहे. टोपी आणि पाणी मात्र विसरू नका.

घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे हेही लक्षात घ्या. मुंबईत सूर्य सर्वांत उंचावर येतो तो वर्षभरात साधारण १२.२० ते १२.५५ च्या दरम्यान. नागपुरात हे सुमारे २५ मिनिटं आधी घडतं.

दक्षिणेच्या भिंतीला घासतं ऊन एप्रिलच्या दुपारी मिळतं, आणि मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास सूर्य उगवता-मावळताना. उत्तरेच्या भिंतीवर आपल्याकडे वर्षाचा बराच काळ ऊन येतच नाही. मेच्या उत्तरार्धात, पाऊस सुरू होण्याआधी, दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दुपारचं घासतं ऊन तिला त्या मोजक्या दिवसांतच मिळतं.

डाग हवे असतील तर यातलं काहीच नको. उंचसखलपणाच्या सावल्या डागांच्या आकारात मिसळतात आणि दोन्ही बिघडतात. ढगाळ आभाळ, गल्लीतली सावलीची बाजू, किंवा पावसाची उघडीप घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे असा उजेड तासन्‌तास फुकट मिळतो, आणि बहुतेक लोक तेव्हा 'लाइट नाही' म्हणून घरी बसतात.

सावध: ओल्या भिंतीवर आभाळाची चमक पडते आणि काळा रंग पांढुरका होतो. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारं फिल्टर, फिरवून ती कमी करा. त्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), तेवढा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा. फिल्टर नसेल तर दोन पावलं बाजूला सरका.

## पायरी ४: चौकट लावा आणि नावं काढून टाका

आता कार्डपेपरची खिडकी बाहेर काढा. एक डोळा मिटा, कार्ड हातभर अंतरावर धरा आणि भिंतीवर सावकाश फिरवा. एका डोळ्यानं खोली जाते, कार्डानं आजूबाजूचं जग जातं. कार्ड डोळ्याच्या जवळ आणलं की चौकट रुंद होते, लांब नेलं की आवळते. जागा सापडली की तिथे बोटानं खूण धरा आणि मगच कॅमेरा काढा. कॅमेऱ्यातून शोधायला गेलात तर शटर दाबायचा मोह होतो आणि विचार थांबतो.

मग चौकटीतून नावं हाकला. कडी-कोयंडा, खिडकीचा गज, विजेची वायर, मीटरचा डबा, खिळा, खडूनं लिहिलेला आकडा, पोस्टरचा तुकडा. यातलं काहीही कोपऱ्यात राहिलं की बघणारा 'अच्छा, दरवाजा आहे' म्हणून मोकळा होतो आणि पुढे बघायचं थांबतो. अक्षरं सगळ्यात वाईट. माणूस अक्षर बघत नाही, वाचतो. वायर एक सेंटिमीटर आत आली असेल तर 'नंतर काढू' म्हणू नका, पाऊल हलवा.

आकारमान सांगणाऱ्या गोष्टींचंही असंच. पूर्ण वीट दिसली की भिंत किती मोठी हे लगेच कळतं. विटेची एकच कड दिसली तर तो डोंगरकडाही असू शकतो. चिऱ्यांच्या सांध्यांबाबत मी एक ढोबळ नियम पाळतो: एकतर एकच सांधा घ्या, म्हणजे ती नुसती रेष होते, नाहीतर इतके घ्या की जाळी होईल. तीन-चार सांधे घेतले की फोटो बांधकामाच्या अंदाजपत्रकाला जोडायच्या लायकीचा होतो.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे ना? तिरपा राहिला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की आपण खाली उभे राहून वर बघतोय. जागेचं भान आलं की अमूर्तपणा गळतो. समांतर करायची जुनी युक्ती अशी: सोबतच्या माणसाला आरसा चौकटीच्या मध्यावर भिंतीला सपाट टेकवून धरायला सांगा. व्ह्यूफाइंडरमधून बघताना तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा समांतर आहे. पोपड्यांच्या भिंतीवर आरसा दाबू नका, शंभर वर्षांचा गिलावा तुमच्या एका फोटोसाठी पाडायची गरज नाही. एकटे असाल तर कॅमेऱ्यातली लेव्हल आणि फोनमधली ग्रिड पुरते.

शेवटी चार कडा. चौकटीच्या कडेनं नजर एकदा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा. कडेला चिकटलेला उजळ ठिपका, अर्धवट कापलेला पोपडा, कोपऱ्यात अचानक संपणारा ओघळ. मधल्या भागाकडे सगळेच बघतात, फोटो बिघडतो तो कडांवर.

एक फोटो झाला की एक पाऊल पुढे या आणि परत काढा. मग आणखी एक पाऊल. माझा अनुभव असा की तिसरा फोटो पहिल्यापेक्षा चांगला निघतो, कारण पहिल्यात आपण भीतीपोटी जरा जास्तच भिंत घेतलेली असते.

तपासा: कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उलटा करून बघा, म्हणजे कॅमेराच उलटा धरा. रचना टिकली तर ठीक. उलटं केल्यावर एका बाजूला सगळं वजन घसरलं असं वाटलं तर चौकट परत लावा.

## पायरी ५: फोकस आणि एक्स्पोजर

भिंत सपाट आणि कॅमेरा समांतर असेल तर लेन्सचं छिद्र एफ ८ पुरतं (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). पोपडे दोन-तीन सेंटिमीटर बाहेर आलेले असतील आणि तुम्ही जवळ असाल तर एफ ११. त्यापुढे जाऊ नका, छोट्या सेन्सरवर डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं, सगळाच फोटो मऊ पडतो. हातात कॅमेरा असेल तर शटर १/१२५ च्या खाली नको, आयएसओ ४०० किंवा ८०० खुशाल ठेवा. एकसारख्या गिलाव्यावर ऑटोफोकस चाचपडतो, त्याला पोपड्याची तीक्ष्ण कड दाखवा.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला भिंत पांढरी की काळी हे कळत नाही, तो सगळ्यालाच मध्यम करडं करायला बघतो. चुन्याच्या भिंतीला अधिक १ ते दीड स्टॉप द्या, नाहीतर ती मळकट येते. काळ्या दगडाला जेपेगमध्ये उणे १ द्यावं लागतं. रॉमध्ये तसं करू नका. रॉमध्ये दगड मीटर सांगतो तसाच उजळ घ्या आणि घरी खाली उतरवा, गडद भागांत गोंगाट (नॉइजचे दाणे) कमी येतो.

सावध: पिक्चर स्टाइल मोनोक्रोम असताना हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखही, मोनोक्रोम चित्राचाच दिसतो. कोवळ्या किंवा कलत्या उन्हात जांभ्याचा लाल रंग एकटाच फाटलेला (मर्यादेबाहेर जाऊन तपशील गमावलेला) असू शकतो आणि हिस्टोग्राम तुम्हाला सगळं आलबेल आहे असं सांगतो. पहिल्या फोटोनंतर एकदा रंगीत स्टाइल लावून लाल रंगाचा आलेख तपासा. उजवीकडे चिकटला असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

फोनवर भिंतीवर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि उजेडाचा स्लायडर हातानं हलवा. पोर्ट्रेट मोड बंद, नाइट मोड बंद. फोनचं आपोआप होणारं शार्पनिंग बारीक पोताचा चिखल करतं, म्हणून रॉचा आग्रह.

## पायरी ६: निघण्याआधी पाच मिनिटं

सावलीत बसा आणि काढलेले फोटो पडद्यावर लहान करून, एका वेळी नऊ दिसतील असे बघा. नखाएवढ्या आकारात जो फोटो उठून दिसतो त्याची रचना पक्की. त्या फोटोसाठी जागेवर परत जा आणि तोच आणखी चार वेळा काढा: थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आडवा, उभा. भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला होतं आणि किती वाजले होते ते वहीत लिहा. पुढच्या महिन्यात परत यायचं झालं तर ती नोंद उपयोगी पडेल, आणि आमच्याकडे तर पुढच्या महिन्यात वाडाच जागेवर नसतो, तेव्हा परत काढायचं ते आत्ताच काढून घ्या.

## पायरी ७: संगणकावर, याच क्रमानं

इथे बिघडलेले फोटो मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, आणि दर वेळी कारण एकच: पहिल्यांदा कॉन्ट्रास्ट ओढला जातो. तो शेवटून दुसरा यायला हवा.

१. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती. चित्र करडं करायचं असलं तरी आधी रंग बरोबर करा. पुढचे स्लायडर रंग ओळखून काम करतात. सावलीतली भिंत निळसर राहिली तर जांभा नारिंगी स्लायडरला दादच देत नाही.

२. सरळ करणं. लेन्सचा बाक काढा, उभ्या रेषा उभ्या करा. क्रॉप अगदी थोडा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापावं लागत असेल तर पायरी ४ चुकली होती.

३. कृष्णधवल आणि रंगांचे स्लायडर. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आठ रंग मिळतात, डार्कटेबल आणि रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम चॅनेल मिक्सरनं होतं. फोनवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर आहेत. शेवाळलेल्या जांभ्याला नारिंगी आणि लाल वर, हिरवा आणि पिवळा खाली. निळा गिलावा आणि वीट असेल तर पायरी २ मध्ये जे ठरवलं होतं ते. मी सहसा ±४० च्या पलीकडे जात नाही. शेजारशेजारचे दोन रंग विरुद्ध टोकांना ओढले, म्हणजे नारिंगी वर आणि पिवळा तळाशी, तर पृष्ठभाग फुटतो. शंभर टक्के मोठं करून बघा: ठिपके, पांढरी किनार किंवा तवंग दिसला तर अर्ध्यावर या.

४. काळा आणि पांढरा बिंदू. चित्रात एक तरी जागा खरी काळी आणि एक तरी जवळपास पांढरी हवी, हे घोकलेलं असतं. ओघळांच्या चित्राला ते लागू पडतं. लोण्याच्या म्हणजे मिठाच्या फिकट डागांना पडत नाही. ती चित्रं फिकट करड्याच्या चार छटांतच जगतात, त्यांत जबरदस्तीनं काळा घातला की नाजूकपणा गेला.

५. भागांचं काम. ब्रशनं डाग किंचित गडद, पट्टी किंचित उजळ. एका वेळी पाव स्टॉप. कडांवरचे उजळ ठिपके इथे दाबा.

६. कॉन्ट्रास्ट. आता, आणि कर्व्हनं, म्हणजे गडद-उजळ भाग वेगवेगळे हलवणाऱ्या वक्ररेषेनं. पोत उठावदार करणारा क्लॅरिटीचा स्लायडर ८० वर नेलेला फोटो मला तीन मीटरवरून ओळखू येतो: सगळा पोत सारखाच ओरडत असतो, मोठे भाग तुटतात, आणि पायरी २ मध्ये मोजलेले तीन भाग तेवीस होतात. दहा-पंधरावर थांबा. चारही कोपरे काळे करणारा व्हिन्येट नको. तो नजर मध्यावर नेतो, आणि अमूर्त चित्राला बहुधा मध्य नसतो.

७. शार्पनिंग. सर्वांत शेवटी, फोटो किती मोठा वापरणार ते ठरल्यावर.

तपासा: डोळे अर्धवट मिटून पडद्याकडे बघा. भिंतीसमोर दिसलेले तेच दोन-तीन भाग दिसतात का? नाही दिसले तर तिसऱ्या टप्प्यावर परत.

फोटो १८० अंशांत फिरवून ठेवायचा मोह होईल. फिरवा, पण एक लक्षात ठेवा: उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो. घासत्या उन्हातला फोटो उलटा केला की फुगलेले पोपडे खड्डे दिसू लागतात आणि जांभ्याची भोकं फोडांसारखी वर येतात. ते हवं असेल तर उत्तम युक्ती आहे, नकळत झालं तर नुसता गोंधळ.

## पायरी ८: निवड आणि छपाई

फोटो आठवडाभर बाजूला ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि गप्प बसा. 'हा दरवाजा ना?' असं आलं तर बाद. 'हे काय आहे?' एवढंच आलं तरी मी तो लगेच पास करत नाही, कोडं घालणं सोपं असतं. उत्तर सांगा, 'वाड्याची मागची भिंत आहे', आणि त्यानंतरही ते बघत राहतात का ते पाहा. कोडं सुटल्यावर फोन परत तुमच्या हातात आला तर त्यात कोड्यापलीकडे काही नव्हतं. 'गायतोंडेंच्या चित्रासारखं दिसतंय' (अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे) असं कुणी म्हणालं तर खूश होण्याआधी दुसऱ्या दिवशी परत बघा. पुष्कळदा भिंतीपेक्षा आठवणीनंच ते काम केलेलं असतं.

छापताना मॅट कागदावर काळा रंग पडद्याइतका खोल उतरत नाही आणि गडद भागांतला तपशील बुजतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो परत बघा, गडद भाग थोडे उचला, आणि मोठा प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा नमुना काढा. तो खिडकीजवळ दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली नको. काळ्या ओघळात अजून तपशील दिसत असेल तर मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या, नसेल तर कर्व्हची तळाची बाजू थोडी वर घ्या आणि आणखी एक नमुना काढा.